रंग नको, सील बदला

जुना ट्रॅक्टर विकायला काढला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आधी रंग मारून घेऊ, भाव येईल." आमच्याकडे बार्शीला सध्या हेच चालू आहे. २००४ चा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि काकांचा रंगाचा हट्ट. मंडळी, माझा याला साफ विरोध आहे!

डेमोच्या आदल्या रात्री बटणांचे रंग बदलायला लावणारे मॅनेजर आपण पाहिलेत. क्लायंट फसेल एक वेळ, पण ट्रॅक्टर बघायला येणारा शेतकरी सोबत मिस्त्री घेऊन येतो. ताजा रंग दिसला की त्याच्या डोक्यात एकच प्रश्न, "काय झाकलंय?" मग तो चेसिस नंबर घासून बघतो आणि पुढची सगळी बोलणी संशयातच...

तो बघतो काय? थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का. गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढलं तर भकाभका धूर येतो का (म्हणजे रिंगा-लायनर गेले). रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं की लिफ्ट हळूहळू खाली बसते का. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का. यात रंग आला कुठे?

म्हणून बॅटरी, सेल्फ, लिफ्टचे सील, गळके पाइप, क्लचचं सेटिंग, दिवे, एवढं जरूर करावं. खर्च थोडा, पण यातली एकेक गोष्ट दाखवून गिऱ्हाईक भाव पाडतं. इंजिनचं काम मात्र अजिबात काढू नये. (काका, वाचताय ना?) तुमच्या मिस्त्रीने कुठला पिस्टन टाकला यावर परका माणूस का विश्वास ठेवेल? धूर आहे तर आहे म्हणून सांगावं आणि तेवढे पैसे सोडावेत. मागचे नवे टायरही नकोत, त्यांचे पैसे वसूल होत नाहीत.

असो. खरी दुरुस्ती कागदांची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही! नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २००४ ची २०१९ ला संपते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी ट्रॅक्टर आरटीओला दाखवावा लागतो, म्हणून दिवे आणि ब्रेक आधी. कर्ज फिटून जमाना झाला तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. ते बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन उतरवायचं. विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून मोकळं होऊ नका, नाव बदलेपर्यंत मागे लागा. नाहीतर उद्या त्या ट्रॅक्टरने कुणाला धडक दिली तर नोटीस तुमच्याच दारात.