दुखावल्या त्या भावना कोणाच्या?

"अमेरिकेत धर्मावर काहीही लिहा, कोणी ब्र काढत नाही, बंधने काय ती आपल्यालाच," असे आपल्याकडची वाचनप्रेमी मंडळी छातीठोकपणे सांगतात. हे साफ खोटे आहे.

मार्क ट्वेनने १९०९ साली 'लेटर्स फ्रॉम द अर्थ' लिहिले. स्वर्गातून हाकललेला सैतान पृथ्वीवरून आपल्या देवदूत मित्रांना पत्रे धाडतो: इथला माणूस तासभर प्रार्थनेला बसला की चुळबुळतो, आणि स्वर्ग मात्र अखंड प्रार्थनागीतांचा मागतो! पुढच्याच वर्षी ट्वेन वारला. १९३९ मध्ये हस्तलिखित छपाईसाठी सिद्ध झाले, तर मुलगी क्लारा आडवी आली. पुस्तक निघाले १९६२ साली. ना चर्चने अडवले, ना सरकारने. घरच्याच माणसाने कपाटाला कुलूप लावले.

सिंक्लेअर लुईसची 'एल्मर गॅन्ट्री' १९२७ सालची. तिच्यावर बॉस्टनमध्ये बंदी आली. कोणी म्हणेल, धर्माची कुचेष्टा केल्यावर दुसरे काय होणार? अहो, कादंबरी वाचा तरी! लिहिण्यापूर्वी लुईस कॅन्सस सिटीत पाद्र्यांच्या पंक्तीला बसला, त्यांच्याशी वाद घातले. त्याचा गॅन्ट्री दारुडा, बाईलवेडा, पण वाणीचा बहाद्दर. नीतीचा गजर करीत तो चढतच जातो आणि शेवटपर्यंत त्याला शिक्षा होत नाही. त्याच कादंबरीत फ्रँक शॅलर्ड नावाचा दुसरा पाद्री आहे. त्याला शंका पडतात आणि त्या तो उघड बोलून दाखवतो. कट्टर मंडळी त्याला बेदम झोडपतात, डोळा फोडतात. ही श्रद्धेची टिंगल म्हणायची, की प्रामाणिक माणसासाठी केलेला आकांत?

लुईसचा हात कधी कधी जड पडतो, हे मान्य. गॅन्ट्रीच्या सभेला येणाऱ्या साध्या माणसांकडे त्याने पुरेशा मायेने पाहिले नाही. भोळ्या भक्ताला हसणे सोपे. त्या भोळेपणावर पोट भरणाऱ्याला हसणे अवघड. कादंबरी टिकली ती या अवघड कामामुळे.

म्हणून 'भावना दुखावल्या' अशी ओरड कानी आली, की दोनच प्रश्न विचारावेत. पुस्तक वाचले का? आणि दुखले ते भक्ताला, की दुकानदाराला? आपल्या सीमाभागातल्या घरांत मराठी, कन्नड, इंग्रजी पुस्तके एकाच कपाटात नांदतात. मुलांच्या काळजीपोटी त्या कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी क्लाराची आठवण ठेवावी. तेवीस वर्षांनी का होईना, तिने ते स्वतःच्या हाताने काढले.