आपली बाग : मोगऱ्याला कात्री लावा



थंडीच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. यंदाही मुंब्र्याच्या एका भगिनीने तोच विचारला आहे. गॅलरीत तीन वर्षांचा मोगरा आहे, पाने हिरवीगार आहेत, फांद्या ग्रीलच्या बाहेर गेल्या आहेत, पण मागच्या उन्हाळ्यात मोजून पाच फुले आली. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, झाड वांझ आहे, टाकून दे आणि दुसरे आण. काय करावे?

टाकू नका. आणि तो शब्दही वापरू नका. झाडासाठी तो चुकीचा आहे आणि माणसासाठी तर आपल्या घरांतून तो कधीच जायला हवा होता. कोणाला मूल द्यावे आणि कोणाला नाही हा अल्लाहचा निर्णय आहे, हे कुरआनने स्पष्ट सांगितले आहे. त्यावरून कोणा सुनेला टोमणे मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता झाडाकडे वळू. पाने हिरवीगार असलेला मोगरा निरोगी असतो. तो फुलत नाही याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, त्याचे लाड फार झालेले असतात. बारा महिने रोज पाणी, वरचेवर शेणखत, आणि कात्री मात्र एकदाही नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, जुन्या लाकडावर येत नाही. फांदी छाटली नाही तर नवा फुटवा कमी, आणि फुटवा कमी तर कळ्याही कमी. त्यात हिवाळ्यात विश्रांती मिळाली नाही तर झाड नुसती पाने वाढवत बसते. मोगरा सदाहरित आहे, थंडीत तो पाने गाळून झोपलेला दिसत नाही, म्हणून त्याला विश्रांती हवी असते हे आपल्या लक्षात येत नाही.

पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडे अनेक आदिवासी शेतकरी कुटुंबे मोगऱ्याची शेती करतात. त्यांच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. हिवाळ्यातला ताण आणि छाटणी हाच या शेतीचा पाया आहे. आपल्या कुंडीलाही तेच लागू आहे.

छाटणी अशी करावी. डिसेंबर-जानेवारीत पाणी हळूहळू कमी करत दहा-बारा दिवस जवळपास बंद ठेवावे. पाने किंचित माना टाकू लागली की तेवढा ताण पुरे, झाड वाळू देऊ नये. मग धारदार कात्री घ्यावी. आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. उरलेल्या फांद्या मातीपासून सव्वा ते दीड फुटावर, पानांच्या जोडीच्या जरा वर छाटाव्यात. उरलेली जुनी पानेही हाताने काढून टाकली तरी चालते. झाड उघडेबोडके दिसेल, जीव हळहळेल, पण घाबरू नका.

त्याच दिवशी वरची दोन इंच माती मोकळी करून काढावी आणि तिथे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दोन मुठी घालावे. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळे बाहेर आली असतील तर एक माप मोठी कुंडी द्यावी. बारा इंचांची कुंडी मोगऱ्याला चांगली. दोन भाग लाल माती, एक भाग खत आणि पाणी साचू नये म्हणून थोडी जाडी वाळू, एवढे मिश्रण पुरते. मग भरपूर पाणी द्यावे. दोन-तीन आठवड्यांत कोवळे फुटवे दिसतील आणि मार्चच्या सुमारास, इन्शाअल्लाह, कळ्या येतील. एक बहर संपला की फुललेल्या टोकांखालची पानांची एक-दोन जोडपी खुडून टाकावीत, म्हणजे दुसरा बहर येतो. असे पावसाळा लागेपर्यंत करता येते.

एवढे करूनही फुले आली नाहीत तर ऊन पाहावे. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. हे झाड मूळचे आपल्याच बाजूचे, दक्षिण आशियातले, पण इंग्रजीत त्याला अरेबियन जस्मिन म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातला 'सॅम्बॅक' हा शब्दही अरबी 'झंबक'वरून आला आहे. सौदी अरबस्तानात जिझानकडे नोकरीला असलेल्या आपल्या माणसांनी तो तिथे पाहिला असेल. तिथे त्याला 'फुल्ल' म्हणतात आणि लग्नात स्त्रिया त्याच्या माळा घालतात. जिझानच्या उन्हात जो फुलतो तो आपल्या सावलीतल्या कोपऱ्यात कसा फुलणार? गॅलरीला ऊनच नसेल तर सोसायटीची परवानगी घेऊन कुंडी गच्चीवर न्यावी.

पाण्याबद्दल थोडे. उन्हाळ्यात बारा इंची कुंडीला सकाळी लिटर-दीड लिटर पाणी लागते. आपल्या कित्येक वस्त्यांत नळ तासभरच येतो, तिथे बायका विचारतात, फुलांना पाणी घालणे म्हणजे उधळपट्टी नाही का? वुजूचे पाणी तसराळ्यात धरा आणि तेच कुंडीला घाला. त्यात साबण नसतो, झाडाला ते उत्तम चालते. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढे माप. आपण मात्र नळ सोडून बसतो आणि त्याच्या कित्येक पट पाणी गटारात जाते. घरातल्या मुलांना तसराळ्यात साठलेले पाणी एकदा दाखवा. पाणी किती जाते हे सांगावे लागत नाही, दिसते.

खताच्या बाबतीत दोन सूचना. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध निघून जाईपर्यंत धुऊन घालावा, नाहीतर मुंग्या होतात. तोही थोडाच, कारण पानांचे खत जास्त झाले की कळी कमी होते. दुसरी सूचना बकरी ईदची. कुर्बानीचे रक्त किंवा आतडी कुंडीत घातली की फुले भरपूर येतात असे काही जण सांगतात. कुंडीत ते सडते, मुळे खराब होतात, माशा होतात आणि वास शेजारच्या घरात जातो. हाडांचे खत हवेच असेल तर रोपवाटिकेत तयार हाडांची भुकटी मिळते, छाटणीच्या वेळी तीच एक मूठ मातीत मिसळावी.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जाणतो. मग आपल्या कुंडीतले मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपकत असेल तर? ग्रीलच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी वाऱ्याने खाली कोणाच्या डोक्यात पडली तर? शेजारी मुसलमान असो की नसो, त्याचा हक्क सारखाच आहे. कुंडी ग्रीलच्या आत, खाली ताटली ठेवून, शक्यतो तारेने बांधून ठेवावी. पाणी सावकाश घालावे. आपल्या मोगऱ्याचा सुगंध शेजारी जावा, पाणी जाऊ नये.

आता रोग-किडी. कळ्या जांभळट होऊन गळत असतील तर आत अळी असते. अशा कळ्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात, मातीत टाकू नयेत. कडक उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी असतो. पानांच्या मागच्या बाजूवर आठ-दहा दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणावर कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे पाणी चालते. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडत असेल तर लोह कमी पडते आहे, बोअरिंगच्या जड पाण्यावर असे पुष्कळदा होते. लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे.

कळ्या सकाळी लवकर, पांढऱ्या आणि टपोऱ्या झाल्यावर, पण उमलण्याआधी तोडाव्यात. ओल्या फडक्यात ठेवल्या की मगरिबच्या सुमारास उमलू लागतात आणि सारे घर दरवळते. कन्नौजचे कारागीर अशीच ताजी फुले तांब्याच्या देगेत उकळतात, त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि मोगऱ्याचे अत्तर बनते. आपल्याला एवढा खटाटोप नको. वाटीभर पाण्यात दहा फुले पुरेत. पाच आपल्याकडे ठेवावीत, पाच शेजारी द्यावीत. कोणी सुगंधी फूल दिले तर ते नाकारू नये, कारण त्याचे ओझे नसते आणि वास चांगला असतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. घेणाऱ्याला ज्याचे ओझे नाही, अशी देण्याची वस्तू शहरातल्या छोट्या घरात दुसरी कोणती असेल?

शेवटी, छाटलेल्या फांद्या फेकू नका. दुहेरी पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, तो फांदीवरूनच वाढतो. म्हणजे तुमच्या गॅलरीतला मोगरा कधीतरी कोणीतरी दुसऱ्या झाडाची फांदी लावली म्हणूनच आहे. तीन-चार पेरांची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक फांदी घ्या, दोन पेरे ओलसर मातीत जातील अशी लावा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्यात मुळे सर्वांत चांगली फुटतात, म्हणून जून-जुलैत पुन्हा लावा. वाकणारी फांदी असेल तर शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवा, दोन-तीन महिन्यांनी मुळे धरल्यावर कापून वेगळी करा. हे दाब कलम सहसा वाया जात नाही. मुलगी सासरी जाताना दागिने-कपड्यांबरोबर एक छोटी कुंडीही द्या. नव्या घरात पहिल्या उन्हाळ्यात तिला आपल्या घरचा वास येईल.