इजाजत तिचीच हवी

निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार आतल्या खोलीत जाऊन मुलीची इजाजत घेतात. तिने ‘कुबूल’ म्हटल्याशिवाय निकाह होत नाही. तीच मुलगी पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दवाखान्यात जाते, तेव्हा डॉक्टरांशी नवरा, सासरे, दीर बोलतात. ‘पिशवी काढून टाका’ हा निर्णय बाहेरच्या बाहेर होतो. तिला फक्त तारीख कळते.

आजार सुरुवातीलाच सापडला, तर निवडीला खरोखर जागा असते. तो अगदी सूक्ष्म असेल, तर गर्भाशयमुखाचा शंकूसारखा तुकडा काढून अनेकदा भागते. गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि मूल हवे असेल, तर काहींच्या बाबतीत गर्भाशयमुख काढून पिशवी वाचवता येते. मात्र पुढे दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. पिशवी काढावी लागली तरी तरुण स्त्रीचे बीजकोश बहुतेक वेळा ठेवता येतात, म्हणजे पाळी जाण्याचे त्रास अकाली सुरू होत नाहीत.

‘छोटा काप, दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणजे चांगलेच, असेही नाही. या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पोट उघडून ऑपरेशन झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले, हे २०१८च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. उलट, कमी जोखमीच्या लहान गाठींना साधी, कमी व्याप्तीची शस्त्रक्रिया पुरते आणि लघवीचे त्रासही कमी होतात, असे २०२४च्या अभ्यासात दिसले.

म्हणजे प्रत्येक पर्यायात काही मिळते, काही जाते. काय गमवायचे, हे ठरवणार कोण?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात बेशुद्ध रुग्णाच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढले होते. सज्ञान स्त्रीच्या वतीने आईची संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये सांगितले. मग नवऱ्याची किंवा सासऱ्यांची कशी चालेल?

‘पिशवी काढून टाका’ असे ती स्वतः म्हणू शकते. तोही तिचाच हक्क. पण समजून घेऊन म्हटलेले हवे.

मित्रांनो, अम्मी, आपा किंवा बायकोसोबत दवाखान्यात जाल, तेव्हा रिपोर्ट तिच्या हातात द्या. स्टेज कोणती, गाठ केवढी, पर्याय कोणते, हे डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा. मग गप्प बसा. निकाहात तिच्या ‘कुबूल’ची वाट पाहिली होती ना, तशीच इथेही पाहा.