काळजी : घेण्याची आणि करण्याची

आमचे एक स्नेही महाविद्यालयात साहित्यशास्त्र शिकवतात. २०१२ साली त्यांनी एक लहान पेट्रोल गाडी घेतली. त्या गोष्टीला एक तप उलटून गेले, पण गाडीची धाव अद्याप २१,००० किलोमीटरांच्या आत आहे. हा आकडा आम्हांला ठाऊक आहे, कारण इतर पालक मुलांचे गुण ज्या सुरात सांगतात त्या सुरात स्नेही तो सांगतात. किल्ली फिरवली की ते क्षणभर डोळे मिटून ऐकतात. ‘आज आवाज जरा कोरडा वाटतो,’ असे काहीसे पुटपुटतात आणि मग एका वहीत नोंद करतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका बैठकीत हातावेगळा करणारा हा माणूस इंजिनाचे मात्र असे सूक्ष्मवाचन करतो, की ते एखाद्या कवितेच्या वाट्याला आले असते तर तिचे भाग्य उजळले असते.

भरतमुनींनी तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले. शंका आणि चिंता ही दोन्ही त्यांत आहेत. यावे, क्षणभर थांबावे आणि निघून जावे, हा त्यांचा धर्म. स्नेह्यांच्या ठायी मात्र या दोघींनी कायमचे बिऱ्हाड केले आहे. आलंबन विभाव म्हणजे इंजिन, उद्दीपन विभाव म्हणजे गाडी थांबल्यावर बॉनेटखाली होणारी टिकटिक, अनुभाव म्हणजे रात्री दोनदा विजेरी घेऊन खाली जाणे आणि फरशीवर ऑइलचा थेंब पडला आहे का हे पाहणे. स्थायी भाव भय. एवढी सामग्री जमल्यावर रसनिष्पत्ती व्हायलाच हवी. ती होते, पण शेजाऱ्यांच्या ठायी, आणि तो रस हास्य असतो.

त्या हसण्यात आम्हीही सामील असतो. मात्र आमचे हसणे पुरते निर्मळ नाही. का, ते पुढे येईलच.

मराठीत ‘काळजी’ या नामाला दोन क्रियापदे जोडता येतात. काळजी घेता येते आणि काळजी करता येते. नाम एकच असल्यामुळे दोन्ही क्रिया सख्ख्या बहिणी वाटतात, आणि काळजी करणाऱ्याला आपण काळजी घेतच आहोत असे समाधान फुकट मिळते. वस्तुतः या दोघींचे फारसे पटत नाही. घेण्याची काळजी मोजकी असते आणि ती संपते. वेळच्या वेळी ऑइल बदलावे, त्याबरोबर ऑइल फिल्टर बदलावा, एअर फिल्टर पाहावा, कूलंटची पातळी तपासावी, टायरांत हवा ठेवावी. हे सारे वर्षाकाठी एखाद्या दिवसाचे आणि महिन्याकाठी पाव तासाचे काम. करण्याच्या काळजीला असा शेवट नसतो. ती ऑइलच्या डब्यावरील आकड्यांत शिरते. ५डब्ल्यू-३० यातील डब्ल्यू हा हिवाळ्याचा, आणि पाच हा आकडा उणे तीस अंश सेल्सिअसच्या थंडीतील परीक्षेशी जोडलेला. जेथे पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो, त्या आमच्या कोल्हापुरात स्नेह्यांनी या आकड्यावर दोन संध्याकाळी खर्च केल्या आहेत.

करण्याची काळजी नुसती निरुपयोगी असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ती घेण्याच्या काळजीच्या मुळावर येते. स्नेह्यांचा रविवारचा नेम पाहा. सकाळी ते खाली उतरतात, गाडी सुरू करतात, दोन मिनिटे जागच्या जागी चालू ठेवतात आणि बंद करून वर येतात. याला ते ‘इंजिन जागे ठेवणे’ म्हणतात. आता पेट्रोल जळले की पाण्याची वाफ निर्माण होते. इंजिन पुरेसा वेळ चालून नीट तापले तर ती निघून जाते. दोन मिनिटांत बंद केले तर तिचा काही अंश आतच गार होतो आणि ते पाणी ऑइलमध्ये मिसळते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागते, आणि त्यातले काही न जळता रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात ऑइल खाली साचलेले असते. ते पुन्हा सर्वत्र पोचण्याआधीचे क्षण झिजेच्या दृष्टीने सर्वांत वाईट. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून ओढलेली वीज दोन मिनिटांत भरून येत नाही. थोडक्यात, गाडीला जे जे बाधते ते सारे अल्पावधीत आणि निष्ठेने घडवून आणण्याची रीत कोणी शोधू म्हटले, तर ती या रविवारच्या नेमाहून फार वेगळी निघणार नाही. बाळ शांत झोपले आहे ना हे विचारण्यासाठी त्याला दर तासाला हलवून उठवावे, तसा हा प्रकार.

२०२० सालच्या टाळेबंदीने हा धडा घरोघरी दिला. त्या महिन्यांत गाड्या कोठेच गेल्या नाहीत, म्हणजे काळजी करणाऱ्यांच्या दृष्टीने त्या आदर्श अवस्थेत होत्या. पुढे लोक खाली उतरले तेव्हा बॅटऱ्या उतरलेल्या, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढलेला आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसले. न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहते, या समजुतीला उंदरांनी दिलेले ते उत्तर होते.

रॉबर्ट पर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) या पुस्तकात यंत्राकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समोरासमोर येतात. निवेदक आपली मोटरसायकल स्वतः समजून घेतो. त्याचा मित्र मात्र उत्तम गाडी चालवतो, पण तिच्या आत काय चालते ते जाणून घेण्याची त्याला इच्छा नाही. त्याच पुस्तकात रेडिओच्या गोंगाटात बेपर्वाईने काम करणारे मेकॅनिकही भेटतात. त्यांनी गाडी पुष्कळ उघडली आणि बिघडवली. मूळ दोष निघाला ऑइल पुरवणाऱ्या व्यवस्थेतील एका लहानशा पिनेत. आमच्या स्नेह्यांना या तिन्ही वर्गांत जागा नाही. ते यंत्राकडे पाठ फिरवीत नाहीत, बेपर्वा तर मुळीच नाहीत, आणि बॉनेट उघडून समजूनही घेत नाहीत. ते केवळ व्याकूळ होतात. हा चौथा वर्ग आमच्याकडे मोठा आहे.

तो आकाशातून पडलेला नाही. परवान्यांच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मिळालेली पद्मिनी किंवा अँबेसेडर आयुष्यभर पुरवायची असे, आणि घाटात बॉनेट उघडून, वाफ जिरेपर्यंत कडेच्या दगडावर बसणे हा प्रवासाचा भागच होता. तेव्हाची काळजी वाजवी होती. गाड्या बदलल्या, ऑइले सुधारली, रस्ते बदलले. काळजी तेवढी वारसाहक्काने जशीच्या तशी पुढच्या पिढीकडे आली. पण त्या काळातही सर्वांनीच गाड्या झाकून ठेवल्या नव्हत्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या उकाड्यात आणि पावसात अहोरात्र धावल्या. त्यांतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरवले ते वीस वर्षांच्या वयोमर्यादेने. इंजिनाची त्याला हरकत असल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेत इर्व्ह गॉर्डन नावाचे शाळेत विज्ञान शिकवणारे गृहस्थ होते. त्यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी१८०० या गाडीने २०१३ साली ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्यांची साधना साधी होती. पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा ऑइल बदलायचे आणि उरलेला वेळ गाडी चालवायची. स्नेह्यांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘ऑइल कोणते वापरत?’

मुळात ‘झीज’ या शब्दाचे एवढे भय मराठी माणसाला का वाटावे, हे आम्हांला उमगत नाही. आमच्या भाषेत झिजणे ही गौरवाची गोष्ट आहे. चंदन झिजते तेव्हा गंध मिळते. न झिजलेले खोड म्हणजे नुसते लाकूड. उंबरठा झिजतो तो माणसांनी भरलेल्या घराचा. इंजिनही याला अपवाद नाही. सिलिंडरच्या नव्या भिंतींवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. त्या ऑइल धरून ठेवतात, आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतींवर घासून थोड्या झिजल्या की मगच तेथे नीट बसतात. प्रारंभीची झीज हा इंजिनाचा संस्कार आहे. आणि ज्या भाषेच्या अध्यापनावर आमचे पोट चालते तिचे तरी काय? ‘हस्त’ झिजून ‘हत्थ’ झाला, ‘हत्था’चा ‘हात’ झाला, आणि अशा झिजलेल्या शब्दांतच शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. संस्कृतावर आच्छादन घालून कोणी ती वाहनतळात उभी करून ठेवली असती, तर आम्ही आज कशात बोललो असतो?

आता आमचे हसणे निर्मळ का नाही ते सांगतो. आमच्या आईचे माहेर आंबा घाटाखाली, साखरप्याजवळ. कोल्हापुराहून अंतर शंभर किलोमीटरांच्याही आत. ते घर एकदा डोळ्यांनी पाहावे अशी तिची इच्छा होती. त्या दिवसांत आमच्या गाडीचे इंजिन आम्हांला किंचित जास्त तापते असे वाटे. उतरताना प्रश्न नव्हता, पण परतताना घाट चढायचा होता. सर्व्हिसिंग झाले की जाऊ, असे आम्ही म्हणालो. सर्व्हिसिंग झाल्यावर उन्हाळा होता. उन्हाळा सरला तेव्हा पाऊस. आईने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले नाही. २०१९ साली ती गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या माहेरच्या माणसांना भेटायला आम्ही त्याच गाडीने त्याच घाटातून गेलो आणि आलो. तापमान दाखवणारा काटा मध्यावरून हलला नाही.

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आम्ही पुढे नीट वाचली. ऑइल कधी बदलावे याविषयी तीत लिहिले आहे : १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक होते की गाडी उभी ठेवली म्हणून काळ उभा राहत नाही. आमच्या बाबतीत काळ आधी पूर्ण झाला. किलोमीटर राहून गेले.

परवाच्या रविवारी स्नेही नेहमीप्रमाणे खाली उतरले, तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारच्या आसनावर जाऊन बसलो. दोन मिनिटे झाली. त्यांचा हात किल्लीकडे गेला. ‘सर, पन्हाळ्यापर्यंत जाऊन येऊ,’ आम्ही म्हणालो. ते बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘चढ आहे हो.’ आम्ही म्हणालो, ‘आहे.’ आणि दार लावून घेतले.