खिडकीच्या बटणाचा दिवा आणि कारागिराची मजुरी

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या वायरिंगवर आम्ही लेखणी उचलावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु मालेगावहून भिवंडीला नमुन्याचे तागे घेऊन रात्री-बेरात्री जाणाऱ्या माणसाला मोटारीत काय हवे आणि काय नाही, याचा अनुभव कारखान्यात बसून मोटार आखणाऱ्यापेक्षा कमी नसतो.

अनेक कमी किमतीच्या गाड्यांत काचा वर-खाली करणारी चार बटणे ड्रायव्हरच्या दारावर असतात. उजेड मात्र त्यांतील एकाच बटणाला, आणि काही गाड्यांत एकालाही नाही. बाकीच्या दारांवर तर ठार अंधार. कसारा घाटात पाऊस लागलेला, काचेवर वाफ धरलेली, अशा वेळी पुढची काच बोटभर खाली करायला जावे तर मागची खाली येते. मागच्या सीटवर खळीचे कापड असते. त्याला पाण्याचा डाग पडला की भाव उतरलाच. शिवाय बटण शोधण्यासाठी ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून खाली जाते, तो धोका वेगळा. आणि हीच उजळलेली बटणे त्याच कंपनीच्या महागड्या नमुन्यात असतात! काही गाड्यांचा स्विच उघडला तर आतल्या पाटीवर एलईडीची जागा तयार असते, फक्त दिवा बसवलेला नसतो. काही रुपयांच्या वस्तूसाठी गिऱ्हाईकाला वरच्या नमुन्याकडे ढकलण्याची ही रीत आम्हाला पसंत नाही.

तेव्हा लोक हे काम बाहेर करून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलईडी मिळतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारीचे हरतऱ्हेचे काम होते, आणि आमच्यासारख्या गावांतही हुशार तरुण हे काम करू लागले आहेत. आमची हरकत त्यांच्या भाव सांगण्याच्या पद्धतीला आहे. ते भाव सांगतात तो दिव्यामागे. गिऱ्हाईकही दिव्याच्या किमतीवरच घासाघीस करते. मग कारागिराला परवडावे म्हणून जी काटछाट होते, ती नेमकी तारेत होते, जी दाराच्या आत राहते आणि कोणाला दिसत नाही.

ही काटछाट काय करते ते पाहू. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची असते, इंजिन चालू असता दाब 14 च्या आसपास जातो. तांबड्या एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला सुमारे 3. उरलेला दाब रेझिस्टरने सोसायचा असतो. 1 किलो-ओहमचा रेझिस्टर लावला तर प्रवाह 11-12 मिलिअँपिअर राहतो, आणि बटणासाठी तेवढा उजेड पुरून उरतो. 2.2 किलो-ओहम लावला तर रात्री डोळ्यांना आणखी सुखाचा. रेझिस्टर नसला तर दिवा जळतो. त्याचे दुःख मोठे नाही.

दुःख तारेचे आहे. काच चढवणारी मोटर भरपूर प्रवाह ओढते, म्हणून तिच्या वाटेवर साधारण 20 ते 30 अँपिअरचा फ्यूज असतो. घाईचा कारागीर त्याच जाड तारेला चाकूने सोलतो, तिच्याभोवती दोऱ्यासारखी बारीक तार गुंडाळतो आणि वर काळी टेप मारतो. उद्या ती बारीक तार दाराच्या पत्र्याला घासून उघडी पडली, तर ती लाल होऊन जळेल आणि फ्यूज तसाच शाबूत राहील, कारण तो जाड तारेच्या हिशेबाने बसवलेला आहे. इलाज सोपा आहे. जोडाच्या अगदी जवळ अर्ध्या किंवा एक अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज टाकावा, जोडाला डाख द्यावा आणि वर आवळणारी नळी चढवावी. पण याला वेळ लागतो, आणि वेळेचा भाव कोणी देत नाही.

दुसरा प्रश्न, वीज घ्यायची कोठून? पार्किंगचे दिवे लागले की डॅशबोर्ड उजळतो, त्याच लाईनवरून ती घ्यावी. काही गाड्यांत उजेड कमी-जास्त करण्याची सोय अर्थच्या बाजूने असते, म्हणून दोन्ही तारा तेथूनच घेतलेल्या बऱ्या. थेट बॅटरीवरून घेतली तर दिवे रात्रंदिवस जळतात. पाच दिव्यांचे 60 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे दीड अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांची नवी बॅटरीही तीन-साडेतीन आठवड्यांत रिकामी होईल. आमच्या एका परिचित व्यापाऱ्याची गाडी असेच काम केल्यावर बारा दिवस उभी होती. बॅटरी जुनीच होती. परत येऊन सेल्फ मारला तर नुसती टकटक. दिवे बसवणाऱ्याने दोष बॅटरीवर ढकलला.

मागच्या दारांचे काम सर्वांत किचकट. तेथे बहुधा उजेडाची तार आलेलीच नसते. दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून नवी तार ओढावी लागते. बाहेरून नेली तर दार उघडून-मिटून ती तुटते किंवा सोलून निघते.

रंगाबद्दल एक शब्द. तरुणांना निळा आवडतो. अंधाराला सरावलेली नजर निळ्या उजेडाने लवकर बिघडते, तांबड्याने फारशी नाही. घाटात चालवणाऱ्याने तांबडा किंवा मंद केशरी घ्यावा, मित्रांना दाखवायची गाडी असेल तर निळा.

आता मजुरीचे बोलू. बॅटरीची अर्थची तार सोडणे, दाराचे पॅनेल क्लिप न तोडता काढणे, एअरबॅगच्या पिवळ्या जोडांना हात न लावणे, शेवटी बॅटरी जोडल्यावर आपोआप चढणाऱ्या काचांना पुन्हा सेट करणे, हे सारे हुनराचे काम आहे आणि चार दारांत अर्धा दिवस सहज जातो. कपडा शिवताना अस्तर आणि आतली शिलाई यांचे पैसे शिंपी मागतो आणि आपण देतो. मोटारीच्या कारागिरानेही न लाजता मागावेत.

आमची सूचना अशी की, दुकानदारांनी भाव दारामागे सांगावा, पुढच्या दारांचा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. वीज कोठून घेतली आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकला, हे बिलावर लिहून द्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर, तारा कापल्यास कंपनी विजेच्या कामाची जबाबदारी नाकारू शकते, हे गिऱ्हाईकाला आधी सांगावे. मागच्या दारांची मजुरी ज्याला परवडत नाही, त्याने ड्रायव्हरच्या दारावरील चार बटणांवर थांबावे. मागच्या काचा तेथूनही उघडतातच.