फोन जोडला, नाळ तुटली

उजनी जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले की करमाळा तालुक्याच्या काठावर जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. एखाद्या वाड्याची भिंत, विहिरीचे बांधकाम, देवळाचा चौथरा. नव्या गावठाणात राहणारी वृद्ध माणसे नातवंडांना बोटाने दाखवितात, 'तिथं आपलं घर होतं.' १९६९ मध्ये बांधकाम सुरू झालेले भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाण्याचा हा साठा सोलापूर जिल्ह्याचा आधार आहे. जिल्ह्याचा ऊस, शहराचे पिण्याचे पाणी, आषाढीला चंद्रभागेत सोडले जाणारे पाणी, सारे याच जलाशयातून जाते. त्या पाण्याखाली मात्र कुणाची तरी वडिलोपार्जित माती आहे.

याच काठावरील कंदर, चिखलठाण, केत्तूर, कुगाव अशा गावांतून फिरताना आणखी एका काळाची आठवण निघते. पिवळी पाटी, काळी अक्षरे, 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ'. जेऊरला किंवा करमाळ्याला जाऊन पोस्टात ट्रंक कॉल नोंदवायचा, 'अर्जंट' म्हणून जादा पैसे भरायचे आणि तासन् तास बाकावर बसून राहायचे, असे दिवस ज्यांनी काढले त्यांना त्या पाटीचे मोल ठाऊक आहे. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचा आवाज त्या काचेच्या खोक्यात प्रथम ऐकला, ते सुख नाकारण्याचे कारण नाही.

या पाटीचे श्रेय काँग्रेसची मंडळी एकाच माणसाला देतात. त्याचे नाव सॅम पित्रोदा. त्या माणसाने अलीकडच्या काळात जी वक्तव्ये केली, त्यांचा थेट संबंध त्या दुसऱ्या खुणेशी, पाण्याखालच्या मातीशी आहे. म्हणूनच त्यांच्या चरित्राची तपासणी उजनीच्या काठावर उभे राहून करावयास हवी.

प्रथम जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. सत्यनारायण गंगाराम पित्रोदा यांचा जन्म १९४२ मध्ये ओडिशातील तितलागढ येथे एका गुजराती सुतार कुटुंबात झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन ते १९६४ मध्ये अमेरिकेस गेले. शिकागोत विद्युत अभियांत्रिकी शिकले. तेथील दूरध्वनी उद्योगात त्यांनी नाव मिळविले, १९७४ मध्ये भागीदारांसह 'वेस्कॉम स्विचिंग' ही कंपनी उभारली, अंकीय स्विच तयार केला आणि १९८० मध्ये ती कंपनी रॉकवेलला विकली गेली. अनेक पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. सुताराच्या मुलाने स्वकर्तृत्वावर घेतलेली ही झेप कुणाही भारतीयाला अभिमान वाटावी अशीच आहे.

त्यांच्या विचारातही एक मर्म होते. दर शंभर माणसांमागे किती दूरध्वनी, हा हिशेब गरीब देशाला लागू नाही. प्रत्येक घरात नव्हे, पण प्रत्येकाच्या आवाक्यात एक दूरध्वनी हवा, असे ते सांगत. धूळ आणि उष्मा सोसणारे, वातानुकूलन न लागणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज ही त्या विचाराचीच परिणती. १२८ जोडण्यांचे असे पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वर्षाला एक रुपया मानधनावर त्यांनी सल्लागाराचे काम केले, हेही खरे. पुढे ते तंत्रज्ञान अभियानांचे सल्लागार आणि दूरसंचार आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

आता प्रश्न विचारण्याची वेळ येते. ते एक्स्चेंज काय एकट्या पित्रोदांनी शिकागोहून पिशवीत घालून आणले? 'सी-डॉट' ही संस्था ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झाली. तिच्या पायाशी दोन धारा होत्या. एक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लष्करासाठी अंकीय स्विचवर राबलेला अभियंत्यांचा गट. दुसरी, टपाल व तार खात्याच्या दूरसंचार संशोधन केंद्रातील अभियंते. जी. बी. मीमांसी आणि एम. व्ही. पिटके ही या संस्थेच्या आरंभीच्या धुरिणांची नावे. त्यांच्या हाताखाली शेकडो तरुण अभियंते राबले. वाचकहो, यांपैकी किती नावे आपण शाळेच्या पुस्तकात वाचली? 'राजीव गांधींनी फोन आणला, पित्रोदांनी जोडून दिला' एवढीच कहाणी आपल्या कानी पडली. भारतीय अभियंत्यांच्या सामुदायिक तपश्चर्येचे रूपांतर एका घराण्याच्या दरबारकथेत कसे होते, याचा हा नमुना आहे.

शिवाय त्या कहाणीचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. एक्स्चेंज स्वदेशी झाले, पण धोरण परवाना-राजचेच राहिले. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीसही शंभर भारतीयांमागे जेमतेम दोन-तीन दूरध्वनी होते. १९९४ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले, पण अवाच्या सवा परवाना शुल्काच्या ओझ्याखाली तो डाव फसत चालला. कोंडी फुटली ती अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने आणलेल्या १९९९ च्या धोरणाने. ठोक शुल्काऐवजी महसुलातील वाटा ही पद्धत आली, २००० मध्ये खात्यातून बीएसएनएल वेगळी झाली, लांब पल्ल्याच्या सेवेतील मक्तेदारी संपली. आंबेजोगाईच्या मातीत घडलेले प्रमोद महाजन दूरसंचार मंत्री असताना एसटीडीचे दर खाली आले आणि मोबाइल ही चैनीची वस्तू राहिली नाही. उजनीकाठच्या शेतकऱ्याच्या खिशात फोन आला तो या बदलानंतर. पीसीओच्या पाटीचे श्रेय जरूर घ्या. पण खिशातल्या फोनचेही श्रेय त्याच खात्यावर जमा करण्याचा अप्रामाणिकपणा थांबवा.

पित्रोदांचे दुसरे पर्व २००५ मध्ये सुरू झाले. प्रथम राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे अध्यक्षपद, नंतर २००९ पासून पंतप्रधानांचे सार्वजनिक माहिती पायाभूत सुविधा आणि नवोपक्रम यांविषयीचे सल्लागार, तोही कॅबिनेट दर्जा. या काळातील सर्वांत मोठी घोषणा होती अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची. ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली, दोन वर्षांत काम संपवावयाचे ठरले. २०१४ मध्ये ते सरकार गेले तेव्हा काम उद्दिष्टाच्या जवळपासही नव्हते. सल्लागाराला याचा जाब कुणी विचारला? मंत्री निवडणुकीत पडतो, अधिकाऱ्याची बदली होते, सरपंचावर अविश्वास येतो. सल्लागार मात्र परदेशी व्याख्यानाला निघून जातो. अधिकार आहे पण उत्तरदायित्व नाही, ही व्यवस्था लोकशाहीच्या कोणत्या व्याख्येत बसते?

इथवरचे दोष धोरणातले. खरी वेदना पुढे आहे.

मे २०१९ मध्ये, १९८४ च्या शीख हत्याकांडाविषयी विचारले असता पित्रोदा उद्गारले, 'हुआ तो हुआ'. नंतर आपली हिंदी कच्ची आहे, असे सांगून त्यांनी क्षमा मागितली. वाचकांनी तारखा जुळवून पाहाव्यात. सी-डॉट स्थापन झाले ऑगस्ट १९८४ मध्ये. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्याच दिल्लीत माणसे जिवंत जाळली गेली. अधिकृत आकडाच २,७३३ मृतांचा आहे. देशाला आवाज जोडून देण्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या कानापर्यंत त्या किंकाळ्या पोहोचल्या नाहीत काय? पस्तीस वर्षांनंतरही त्यांना सुचले ते हे तीन शब्द! कच्ची होती ती हिंदी नव्हे, संवेदना कच्ची होती.

२०२४ च्या निवडणुकीत त्यांनी भारतीयांचे वर्णन केले. पूर्वेचे लोक चिन्यांसारखे, पश्चिमेचे अरबांसारखे, उत्तरेचे गोऱ्यांसारखे, दक्षिणेचे आफ्रिकनांसारखे. देशाच्या विविधतेचे कौतुक करीत आहोत, असे त्यांना वाटत असावे. पण भारतीयाची ओळख सांगायला चीन, अरबस्थान आणि आफ्रिका यांचा आधार लागतो, यातच सारे आले. उजनीचे पाणी जिथे जाते त्या पंढरीत कोण उभा आहे? सावळा विठ्ठल. त्याच्यापुढे कर्नाटकचा कानडी आणि महाराष्ट्राचा मराठी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथे कातडीचा रंग पाहून कुणी कुळ ठरवीत नाही. हा देश आतून कसा जोडलेला आहे, हे समजायला स्विचचे पेटंट पुरत नाही. त्या वक्तव्यानंतर पित्रोदांनी काँग्रेसच्या प्रवासी विभागाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला; जूनअखेर त्याच पदावर त्यांची पुन्हा नियुक्ती झाली. म्हणजे पक्षाच्या लेखी तेही 'हुआ तो हुआ'च!

आणि आता त्या पाण्याखालच्या मातीकडे येऊ. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील वारसा कराचे उदाहरण दिले. माणूस मेला की संपत्तीचा पंचेचाळीस टक्के भाग मुलांना, पंचावन्न टक्के सरकारला. हा कायदा रोचक आहे आणि भारतात अशा विषयांवर चर्चा व्हावी, असा त्यांचा सूर होता. काँग्रेसने हे पक्षाचे मत नाही, असे लगोलग सांगितले. परंतु ज्यांचा सल्ला दशकानुदशके शिरोधार्य मानला, त्यांचे हे विधान हसण्यावारी नेता येणार नाही. प्रथम, चित्रच अपुरे होते. अमेरिकेच्या संघीय करात २०२४ मध्ये सुमारे १.३६ कोटी डॉलरपर्यंतची मालमत्ता माफ होती आणि कमाल दर चाळीस टक्के होता. दुसरे, आपल्याकडे १९५३ पासून असलेला मालमत्ता शुल्काचा कायदा १९८५ मध्ये रद्द झाला, तो खुद्द राजीव गांधींच्याच सरकारच्या काळात. ज्या नेत्याचे नाव घेऊन पित्रोदा देशात उभे राहिले, त्या नेत्याच्या सरकारनेच जो कर निरुपयोगी म्हणून टाकला, त्याची भलामण त्यांनी करावी?

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. उजनीच्या धरणग्रस्ताला 'वारसा' या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावयास नको. त्याच्या सातबाऱ्यावर शासनाचे पाणी एकदा फिरलेले आहे. राष्ट्रासाठी त्याने काळी माती दिली, देवाचा चौथरा दिला, वाडवडिलांचे उंबरे दिले. बदल्यात मिळालेल्या जमिनीचे दगड वेचून त्याने ती कसदार केली. आज कंदरची केळी परदेशी जातात, त्यामागे त्या कुटुंबांचे कष्ट आहेत. आता त्याची एकच इच्छा असते, डोळे मिटण्यापूर्वी मुलांची नावे लागावीत. आपल्या समाजात संपत्ती एका माणसाची नसते. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातू खातो, आणि नातवाने आजोबांचे श्राद्ध करायचे असते. मधल्या पिढीचा माणूस केवळ विश्वस्त. कुटुंबाची ही साखळी ज्याला केवळ कराच्या तक्त्यातली ओळ वाटते, त्याला भारतीय मन कळले, असे कसे म्हणावे?

याच क्षेत्रात दुसऱ्या जातीची माणसेही होऊन गेली. कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंचे सहकारी होते. थुंबाच्या रॉकेट केंद्राच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेणाऱ्या 'साइट' प्रयोगाची धुरा त्यांनी वाहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी समाजाला कधी आपल्या उपकाराची आठवण करून दिली नाही.

टीका करताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. प्रकाशतंतूची ती रखडलेली योजना पुढे 'भारतनेट' झाली, २०१७ अखेर एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत गेली. पण तीही ठरल्या वेळेत पुरी झाली नाही आणि २०२३ मध्ये तिला नवा आराखडा, नवा निधी द्यावा लागला. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. मोबाइल हातात असूनही पलीकडच्या काठावर जायला होडीवाचून गत्यंतर नाही, हे ज्यांनी राज्य केले त्या सर्वांचेच अपयश आहे. यंत्र आले म्हणजे संपर्क झाला, या भ्रमात आपणही राहता कामा नये.

तेव्हा कार्यकर्त्यांनी समाजमाध्यमांवर पित्रोदांची टिंगल करण्यात वेळ दवडू नये. आपल्या ग्रामपंचायतीत जावे आणि पाहावे, तंतू आला आहे का, यंत्र चालू आहे की कपाटात बंद आहे, शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला जोडणी मिळाली का. धरणग्रस्तांच्या वारसनोंदी अडल्या असतील तर तलाठ्याकडे पाठपुरावा करावा. पं. दीनदयाळजींचा अंत्योदय याहून वेगळा नाही.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे लोकार्पण केले. त्या जाळ्याचा गाभा त्याच सी-डॉटने घडविलेला आहे. पित्रोदांच्याच जन्मराज्यात हे घडावे, हा योगायोग बोलका आहे. सल्लागार शिकागोला गेला, संस्था इथेच राहिली आणि तिने आपले काम पुरे केले. राष्ट्र उभे राहते ते अशा टिकून राहणाऱ्यांच्या बळावर. पुढच्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरेल, जुन्या वाड्याची भिंत पुन्हा दिसेल, आणि एखादा नातू स्वदेशी जाळ्यावरून पुण्यातल्या बापाला ती दाखवील. ती भिंत कुणाची, हे त्या दोघांना ठाऊक असेल. सल्ला देणाऱ्यांनी तेवढे जाणून घेतले, तरी पुष्कळ झाले.