कानातला सल्ला आणि बांधावरचे ज्ञान

शेतकऱ्याच्या हाती मोबाइल आला, आता त्याला ज्ञानाची वाण उरली नाही, असा डांगोरा हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत पिटला जातो. त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. केंद्र सरकारने २००४ साली किसान कॉल सेंटर काढले. तेथे पैसा न मोजता मराठीत शंका विचारता येते. ही सोय उपकारकच होय. आमचा आक्षेप सोयीवर नसून, तीवर भिस्त ठेवून गावाने आपसांतले बोलणे सोडण्यावर आहे.

डहाणूजवळचे नरपड घ्या. या किनारपट्टीत चिकूच्या वाड्या एकमेकींस खेटून आहेत. चिकूचे बी पोखरणारी अळी फळाबाहेर येऊन कोष करते, आणि तिचा पतंग कुणाचे कुंपण ओळखीत नाही. गळलेली किडकी फळे वेचून नष्ट करा, हा सल्ला एका बागायतदाराने तंतोतंत पाळला, पण शेजारच्या वाडीत तीच फळे कुजत पडली, तर त्याच्या श्रमांचे चीज काय? शिवाय फळे उतरविणारा वारली मजूर, ज्याला कोणत्या झाडाखाली गळ अधिक हे धन्याआधी दिसते, त्याच्या कानी हा सल्ला पडत नाही, व त्याचे निरीक्षण सल्लागारापर्यंत पोचत नाही.

कोणी म्हणेल, एकाला कळले की दहांना कळेलच. निदान ज्याला कळले त्याचा तरी लाभ होईल. महाराष्ट्रात २००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट ही बाजारभाव व हवामान कळविणारी संदेशसेवा निघाली. फाफशाँ व मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत तिची परीक्षा केली. त्यांच्या २०१२ सालच्या निबंधानुसार शेतकऱ्यास मिळणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय वाढ आढळली नाही. नुसती बातमी म्हणजे सामर्थ्य नव्हे.

डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते एका वाडीस नव्हे, साऱ्या मुलखास. लौकिक सामाईक, कीडही सामाईक. मग उपाय तेवढा खाजगी का? याच बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळा वारली मुलांच्या अंगणात नेली. तोच धडा येथे गिरवावा. फोनवर मिळालेला सल्ला ग्रामसभेत वाचला जावा, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने तो वाडीत उभे राहून, मजुरांसमक्ष व त्यांच्या बोलीत पारखून घ्यावा. जे ज्ञान एकाच्या कानातून दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, त्यास आम्ही ज्ञान म्हणत नाही.